फळा कोणी पुसायचा?

मागच्या महिन्यात आत्याकडे सांगलीला निघालो होतो. साताऱ्याहून आपला नेहमीचा लाल डबा. कराडला गाडी थांबली तेव्हा खिडकीतूनच दहा रुपयांचे खारे दाणे घेतले. पेठ नाका येईपर्यंत दाणे संपले, मग सवयीप्रमाणे पुडी उलगडली आणि कागद वाचायला घेतला. ही सवय शाळेपासूनची आहे. भडंगाच्या, वाटाण्याच्या पुड्यांवर मी अर्धवट कथा, नापास मुलांचे पेपर, लग्नपत्रिका असं काय काय वाचलंय.

या वेळी निघाली ती कुठल्यातरी पतसंस्थेच्या कर्जअर्जाची झेरॉक्स. अर्जदार बाईंचं नाव, गावचा पत्ता, मोबाईल नंबर, खात्याचा नंबर, कर्ज कशासाठी हवंय ते, आणि खाली जामीनदाराची सही. तेलाचा डाग पडला होता तेवढाच भाग वाचता येत नव्हता.

आता यात दाणेवाल्याचा काय दोष? त्याने दाणे विकले. पतसंस्थेतल्या शिपायाने रद्दी विकली. रद्दीवाल्याने किलोवर कागद विकला. कुणीही चोरी केली नाही. मी तर फक्त दाणे मागितले होते. तरीही एका अनोळखी बाईंचा सगळा व्यवहार आष्ट्याच्या अलीकडे माझ्या मांडीवर येऊन पडला.

या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, त्या पुडीने मुहूर्त लागला. कारण माझ्या धंद्यात, म्हणजे संगणकाच्या अगदी पोटातलं सॉफ्टवेअर लिहिण्याच्या धंद्यात, हाच प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे, आणि आमच्यातली भली भली माणसं त्याला 'किरकोळ' म्हणतात. त्या 'किरकोळ' शब्दाशी माझं भांडण आहे. आत्या, काका, मधे थोडा तांत्रिक भाग येईल, पण पळून जाऊ नका. जमेल तितकं सोपं लिहितो.

संगणकात किंवा मोबाईलमध्ये कर्नल नावाचा एक कारभारी असतो. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडे अर्ज घेऊन जातात. मला ही फाईल उघडून दे, मला किती वाजले सांग, मला ब्लूटूथची माहिती दे. कारभारी आतल्या खोलीत जातो, एक कोरा फॉर्म घेतो, रकाने भरतो आणि खिडकीतून बाहेर देतो. आतल्या खोलीत काय आहे ते बाहेरच्याने बघायचं नाही, हा पहिला नियम. पासवर्ड, किल्ल्या, दुसऱ्या प्रोग्रॅमचा मजकूर, सगळं त्या खोलीतूनच जातं.

गोम 'कोरा फॉर्म' या दोन शब्दांत आहे. तो कोरा नसतोच! मेमरी म्हणजे शाळेतला फळा. आधीच्या तासाचं गणित त्यावर तसंच असतं. कर्नलला जागा लागली की तो फळ्याचा एक तुकडा घेतो, त्यावर आपल्याला हवं तेवढं लिहितो आणि तुकडा उचलून देतो. फॉर्मला दहा रकाने असले आणि त्याने आठच भरले, तर उरलेल्या दोनांत आधीच्या तासाचं काहीतरी असतं. ते तसंच खिडकीबाहेर जातं.

बरं, प्रोग्रॅमरने सगळे रकाने नीट भरले तरी सुटका नाही. कंपायलर सोयीसाठी रकान्यांच्या मधे मोकळी जागा सोडतो. एक बाइटचा रकाना आणि त्यामागे चार बाइटचा रकाना असेल, तर मधे बहुधा तीन बाइट रिकामे जातात. प्रोग्रॅमरच्या कोडमध्ये त्या जागेला नावसुद्धा नसतं. ज्याला नाव नाही ते भरणार कसं? फॉर्म देताना मात्र ती जागाही सोबत जाते. सी भाषेत सगळं शून्य करतोय असं वाटणारी साधी ओळ लिहिली तरी ही बिननावाची जागा शून्य होईलच अशी हमी भाषा देत नाही.

आता माझं पाप सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीत मी एका कार्ड-रीडरचा ड्रायव्हर लिहिला. चालला मस्त. एकदा दुसऱ्याच कुठल्या तक्रारीचा शोध घेताना ड्रायव्हरच्या उत्तरातले बाइट एकेक करून बघत बसलो होतो, आणि शेवटच्या काही बाइटांत मला चक्क एका फाईलच्या नावाचा तुकडा दिसला. ती फाईल माझी नव्हती, माझ्या ड्रायव्हरशी तिचा काही संबंध नव्हता. मी फॉर्म पुसून घेतला नव्हता, एवढंच. दुरुस्ती एका ओळीची होती. ती घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी विचारलं, "कस्टमरची तक्रार आली का?" नाही आली. "मग पुढच्या व्हर्जनला बघू." पुढचं व्हर्जन आलंच नाही. ती यंत्रं कुठे कुठे बसली असतील, आजही कुठे चालू असतील का, या विचाराने मला कधीकधी रात्री जाग येते. साहेबांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, चूक माझी होती.

पण त्या दिवसापासून एक कळलं. या प्रकाराची तक्रार कधी येतच नाही. प्रोग्रॅम बंद पडत नाही, पडदा निळा होत नाही, कुणाची फाईल उडत नाही. आपली माहिती गेली हे ज्याची गेली त्यालाही कळत नाही. त्या अर्जदार बाईंना आजही माहीत नसेल की मी त्यांचा अर्ज वाचलाय. त्यामुळे 'तक्रार नाही म्हणजे दोष नाही' हा आमच्या धंद्यातला नियम इथे पूर्ण उलटा लागू होतो.

आता 'किरकोळ'वाल्यांचे मुद्दे एकेक करून घेतो.

पहिला मुद्दा: नुसती माहिती फुटते, कुणी आत थोडंच घुसतं?

घुसतं. २०२० साली गूगलच्या अँडी न्गुयेन याने लिनक्सच्या ब्लूटूथमधले दोष उघड केले. त्यांतल्या एकात झालं असं: समोरच्याने विचारलेलं यंत्र अस्तित्वातच नसेल, तर कर्नल 'नाही' असं उत्तर देतो. त्या उत्तराच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने भरले जात, बाकीचे फळ्यावर होते तसेच हवेतून जात. जोडणीची परवानगी नको, तुम्ही काही दाबायला नको, माणूस फक्त ब्लूटूथच्या टप्प्यात हवा. गांभीर्याच्या मोजपट्टीवर याला 'मध्यम' म्हटलं गेलं. पण त्या मोजक्या बाइटांतून कर्नल मेमरीत कुठे बसलाय ते पत्ते कळत होते. सोबतच्या दुसऱ्या दोषाला तेवढेच हवे होते. दोन्ही मिळून लांबूनच त्या संगणकाचा ताबा घेता आला. दुरुस्ती काय होती? फॉर्म आधी शून्याने पुसून घेणे. बस्स.

पत्त्यांचं एवढं महत्त्व का, तेही सांगतो. चोराला तिजोरीची जागा माहीत असू नये म्हणून हल्लीचे कर्नल दर वेळी सुरू होताना वेगळ्या जागी बसतात. लिनक्समध्ये ही सोय २०१४ मध्ये आली आणि २०१७ पासून मुळातच चालू असते. पण अख्खं घर एकाच मापाने सरकलेलं असतं. आतल्या एका खुंटीची जागा कळली की सगळ्या घराचा नकाशा कळतो. म्हणजे एवढ्या खटपटीने केलेलं संरक्षण एका न पुसलेल्या रकान्याने वाया! यालाच हे लोक किरकोळ म्हणतात.

दुसरा मुद्दा: प्रोग्रॅमरने काळजी घ्यावी, नियम आहेतच की.

नियम आहेत, अगदी कबूल. एक जुनी गोष्ट सांगतो. इथरनेटच्या तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटात किमान ४६ बाइटांचा ऐवज लागतो. मजकूर त्याहून छोटा असेल तर उरलेली जागा भरायची. कशाने? शून्याने, असं १९८४ च्या आणि पुन्हा १९८८ च्या मानकांत स्पष्ट लिहिलंय. आणि २००३ च्या जानेवारीत दोन संशोधकांनी दाखवून दिलं की कितीतरी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर ती जागा हाताशी असेल त्या जुन्या मेमरीने भरतात. कंदी पेढ्यांचा खोका अर्धाच भरला म्हणून हलवायाने वर रद्दी कोंबावी, आणि ती रद्दी म्हणजे कुणाचं तरी बँकेचं पासबुक निघावं, तसं. छोटं 'पिंग' पाठवायचं आणि उत्तराच्या शेपटातून दुसऱ्याची मेमरी वाचायची. नियमाला तेव्हा १९ वर्षं झाली होती! त्याच जातीचा दोष २०२१ मध्ये एका नामांकित फायरवॉलमध्ये सापडला, म्हणजे जे यंत्र राखणीला बसवलंय त्यातच.

मग एकेक दोष शोधून बुजवू या, असं म्हणणारे येतात. तेही करून झालंय. मातेउश युर्चिक या पोलिश संशोधकाने एक युक्ती केली. अख्खा संगणकच सॉफ्टवेअरमध्ये उभा केला, न भरलेल्या प्रत्येक बाइटाला जणू रंग लावला, आणि रंगलेला बाइट खिडकीबाहेर जातो का यावर पहारा ठेवला. २०१७ आणि २०१८ मध्ये मिळून विंडोजच्या कर्नलमध्ये ७० पेक्षा जास्त असे दोष निघाले, आणि लिनक्समध्ये १० पेक्षा जास्त, तुलनेने सौम्य. हे अशा कोडमध्ये, जे जगातली हुशार माणसं वर्षानुवर्षं वाचत होती. एवढ्या जणांकडून एकच चूक होत असेल तर दोष माणसांचा म्हणायचा की पद्धतीचा?

खड्डे बुजवायला माझा विरोध नाही. पण दर पावसाळ्यात त्याच रस्त्यावर तेच खड्डे पडत असतील तर कधीतरी रस्त्याबद्दल बोलायला हवं ना?

तिसरा मुद्दा, सगळ्यांचा लाडका: प्रत्येक वेळी पुसत बसलं तर संगणक हळू चालेल.

२०१९ मध्ये गूगलच्या अलेक्झांडर पोतापेंको याच्या कामामुळे लिनक्स ५.३ मध्ये दोन कळा आल्या. एक कळ मेमरी देताना पुसते, दुसरी परत घेताना पुसते. शाळेच्या भाषेत सांगायचं तर तासाला येणाऱ्या मास्तरांनी फळा पुसायचा, की जाणाऱ्या मास्तरांनी? कर्नलच्याच मदत-मजकुरात किंमत लिहिलेली आहे. देताना पुसलं तर बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी फरक, काही कृत्रिम चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत. परत घेताना पुसलं तर बहुधा ३ ते ५ टक्के, कारण गरम-गरम मेमरी वापरायचा फायदा तिथे जातो. दुसऱ्या कळीत जुना मजकूर लगेच नाहीसा होतो हा जास्तीचा लाभ आहे, पण रोजच्या वापराला पहिली पुरते. १ टक्का!

आणि गंमत बघा. साध्या प्रोग्रॅमला नवी मेमरी देताना कर्नल ती पूर्ण पुसूनच देतो, आणि हे कित्येक दशकांपासून चालू आहे. तिथे कुणी वेगाची ओरड करत नाही, कारण एका वापरकर्त्याचं दुसऱ्याला दिसता कामा नये हे सगळ्यांना पटलेलं आहे. म्हणजे पाहुण्यांना धुतलेली भांडी आणि घरातल्या घरात मात्र खरकट्यावरच वाढायचं, असा हा प्रकार. पण घरातलं तेच ताट पुढे पाहुण्यासमोर जातं, त्याचं काय?

चौथा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो मांडणारे लोक आळशी नाहीत. ते म्हणतात, सगळं आपोआप शून्य केलं की प्रोग्रॅमर त्यावर विसंबतील, चुका झाकल्या जातील, आणि भाषेचीच एक वेगळी बोली तयार होईल. क्लँग नावाच्या कंपायलरमध्ये या भीतीपोटी एक मजेदार गोष्ट झाली होती. आपोआप शून्य करण्याची सोय दिली, पण ती वापरायची तर सोबत एक लांबलचक आज्ञा लिहावी लागे, जिचा अर्थ साधारण असा: 'ही सोय क्लँगमधून काढून टाकणार आहेत हे माहीत असूनही मी ती चालू करतोय.' कंपायलरने प्रतिज्ञापत्र लिहून घ्यावं तसं! लोकांनी ते लिहून दिलं आणि सोय वापरली. ती काही काढली गेली नाही. उलट जीसीसीनेही २०२२ मध्ये तीच सोय आणली, आणि नंतर क्लँगनेही ते प्रतिज्ञापत्र मागणं सोडलं.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे का? आहे. शून्य ही नेहमीच निरुपद्रवी किंमत नसते. युनिक्सच्या जगात वापरकर्ता क्रमांक शून्य म्हणजे सर्वेसर्वा. एखाद्याने तो रकाना भरायचा विसरला आणि आपण तो शून्य केला, तर भलत्याला राजा करून बसू. पण आज काय होतं? तोच रकाना आधीच्या तासाच्या कचऱ्याने भरलेला असतो, आणि तो कचरा काय असावा हे हल्लेखोर बऱ्याचदा ठरवू शकतो. शून्याने होणारी चूक दर वेळी तशीच होते, म्हणून सापडते तरी.

आणि चुका झाकल्या जातील म्हणता, तर शोधायच्या जागी शोधा ना. प्रयोगशाळेत शून्याऐवजी मुद्दाम विचित्र आकडे भरा, म्हणजे गडबड लगेच दिसेल. न भरलेली मेमरी पकडणारं केएमसॅन हे साधन २०२२ पासून लिनक्समध्येच आहे, ते रात्रंदिवस चालवा. जीसीसी तर आपोआप शून्य करत असतानाही 'हा रकाना तुम्ही भरला नाही' अशी ताकीद देतच राहतो. चुका शोधायचं काम प्रयोगशाळेचं आहे. कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याच्या मोबाईलमधून त्याचा मजकूर सांडला तर आमची चूक आम्हाला कळेल, म्हणून त्याचा फळा पुसायचा नाही, हा कुठला न्याय?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुसणं हा मूळ नियम असावा, आणि न पुसणं हा अपवाद. ज्याला वेगासाठी खरंच न पुसलेली मेमरी हवी आहे त्याने तसं लेखी मागावं, कारण द्यावं, आणि ते कारण चार जणांनी तपासावं. आज बऱ्याच ठिकाणी याच्या उलट आहे. पुसलेली हवी असेल तर वेगळ्या नावाने मागा, विसरलात तर तुमचं नशीब.

हे हवेतलं बोलणं नाही. मायक्रोसॉफ्टने ७० दोषांच्या धड्यानंतर हाच रस्ता धरला. २०१९ च्या विंडोज १० मध्ये कर्नलच्या स्टॅकवरचे रकाने कंपायलरनेच भरायला सुरुवात केली. २०२० मध्ये ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी मेमरी मागण्याची नवी पद्धत आणली, जी मुळात शून्य करूनच देते. नको असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. लिनक्समध्येही स्टॅकसाठी, कंपायलरला जमत असेल तर, शून्य करणं हा मूळ पर्याय झाला आहे. पण ५.३ मधली ती 'देताना पुसा' कळ चालू ठेवायची की नाही हे अजून कर्नल बांधणाऱ्याच्या मर्जीवर आहे. टीव्हीच्या खोक्यात, राउटरमध्ये, स्वस्त कॅमेऱ्यात ज्याने कर्नल बांधला त्याने १ टक्का वाचवला का, हे तुम्हाआम्हाला कोण सांगणार?

अतिशयोक्ती नको म्हणून हेही सांगतो. फळा पुसल्याने सगळे रोग बरे होत नाहीत. २०१४ चं हार्टब्लीड आठवतंय? तो दोष कर्नलमधला नव्हता आणि त्यात न पुसण्याचा प्रश्नही नव्हता. मागणाऱ्याने 'माझा मजकूर इतका लांब आहे' अशी थाप मारली आणि सर्व्हरने मोजमाप न करता शेजारची ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी देऊन टाकली. कॅनडाच्या करखात्यातून त्यात सुमारे ९०० लोकांचे ओळख-क्रमांक गेले. त्याला औषध वेगळं, मापं तपासण्याचं. २०१८ च्या मेल्टडाउनला आणखी वेगळं. पण एका गोळीने मलेरिया बरा होत नाही म्हणून खरजेवर मलम लावायचं नाही का?

आता थोडं घरचं. आपल्याकडे याचं काय, असं काका विचारतील. काका, तुमच्या खिशात जो मोबाईल आहे त्याच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल आहे. त्यावर तुमचं यूपीआय आहे, आधारचा फोटो आहे, सातबारा डाउनलोड केलेला आहे, आणि तो मोबाईल चार वर्षं जुना आहे. कर्नलमधली दुरुस्ती जगाच्या एका टोकाला एका दिवसात होते, पण ती तुमच्या मोबाईलपर्यंत पोचण्यासाठी कंपनीने अपडेट द्यावं लागतं, आणि स्वस्त मोबाईलला ते दोन-तीन वर्षांनी बंद होतं. नंतर सापडलेला प्रत्येक खड्डा तुमच्या रस्त्यावर तसाच. मूळ नियमच पुसण्याचा असेल, तर अजून न सापडलेल्या अशा कित्येक चुकांपासूनही तो जुना मोबाईल वाचतो. एकेक दोष बुजवण्यावर विसंबणं हे ज्यांना दर महिन्याला अपडेट मिळतं त्यांना परवडतं. आपल्याला नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या वादातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि वेगाची चर्चा करणाऱ्यांच्या तोंडून तो मी क्वचितच ऐकलाय.

आणि आपण फक्त वापरणारेच आहोत असंही नाही. लिनक्स कर्नलचा केजीडीबी हा डीबगर बरीच वर्षं पुण्याच्या अमित काळे यांनी सांभाळला, नंतर २००८ मध्ये तो मूळ कर्नलमध्ये गेला. सांगलीत वालचंद कॉलेजमध्ये मुलांचा लिनक्स यूझर्स ग्रुप आहे. तिथल्या किंवा कराडच्या इंजिनिअरिंगच्या एखाद्या मुलाने हे वाचलं तर त्याला एवढंच सांगेन, फायनल इयरला अजून एक 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' करू नकोस रे बाबा! केएमसॅन लावून एक जुना ड्रायव्हर तपास. एक न भरलेला रकाना सापडला आणि एका ओळीची दुरुस्ती पाठवलीस, तरी ती कोट्यवधी यंत्रांत जाईल. माझ्या हातून तेव्हा जी गेली नाही, ती.

असो. फार लांबलं.

आमचे आण्णा शाळामास्तर होते. तास संपला की ते स्वतः फळा पुसून मगच वर्गाबाहेर पडायचे, पुढच्या मास्तरांची वाट न बघता. आणि पुढच्या तासाला दुसऱ्या वर्गात गेले की तिथला फळा कोरा असला तरी एकदा डस्टर फिरवायचे. मी एकदा विचारलं होतं, कोराच आहे तर कशाला? म्हणाले, "मला कुठं माहीत, आधीच्याने पुसलाय का ते."

सांगलीला पोचल्यावर आत्याच्या चुलीत तो कर्जअर्ज घातला. आत्या म्हणाली, एवढ्याशा कागदासाठी काय रे. मी म्हटलं, सांगतो नंतर, लिहूनच सांगतो.

तर आत्या, हे ते.